वर्तमानपत्राचे शेवटचे पान

वर्तमानपत्रांचा इतिहास लिहावयास बसलेले विद्वान सामान्यतः अग्रलेखांच्या मागे लागतात. कोणत्या संपादकाने सरकारवर कोणती टीका केली, कोणास किती शिक्षा झाली, कोणाचा जामीन जप्त झाला, हे सर्व विस्ताराने लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु त्याच अंकांच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात, एकास एक चिकटून छापलेला जो मजकूर असे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. घर विकणे आहे. म्हैस हरवली आहे. शाळेस हंगामी शिक्षक पाहिजे. अमुक इसमाशी आमचा भागीदारीचा संबंध आजपासून राहिलेला नाही. मुलगा घर सोडून गेला आहे, त्याने परत यावे, कोणी रागावणार नाही. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी कार्यकारिणीची सूचना आली, तेव्हा आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला. आपल्या स्मरणिकेचा बराचसा खर्चही जाहिरातींच्याच पानांतून निघतो. तेव्हा हा विषय अगदीच परका आहे असे कोणी म्हणू नये.

छापील जाहिरात येण्यापूर्वी आपल्या मुलखात जाहिरात नव्हती असे नाही. गावचा कोतवाल गळ्यात वाद्य अडकवून चौकाचौकात उभा राही व दवंडी देई. आपल्याकडे तिला मुनादीही म्हणतात. सारा भरण्याची मुदत, ढोरांची लस, बाजाराचा बदललेला वार, तळ्याचे पाणी सोडावयाचा दिवस, सर्व काही त्याच्या तोंडून गावाला कळे. तळी बांधणारा व ऊस लावणारा समाज म्हणून आपल्या कोहळी समाजाची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीदेखील करून ठेवली आहे, आणि नवेगाव बांधचे विशाल तळे कोलू पाटील कोहळी यांनी बांधले ही परंपरा तर घरोघर ठाऊक आहे. जेथे एका तळ्याच्या पाण्यावर शेकडो बांध्या अवलंबून, तेथे सर्वांस एकाच वेळी खबर मिळणे ही चैन नसून गरज होती. दवंडीचा गुण हा की, ती ऐकण्यास अक्षरओळख लागत नसे. तिचा दोष हा की, आवाज शिवेपलीकडे जात नसे. आणि कोतवाल निघून गेला की, तो नेमके काय बोलला याचा पुरावा राहत नसे. वर्तमानपत्राच्या जाहिरातीने हे दोन्ही उलटे केले. खबर दूरवर गेली, पुरावा राहिला, पण निरक्षर माणूस मात्र तिच्या बाहेर पडला. पुढे जे सांगावयाचे आहे त्यातील पुष्कळसे या एका फरकातून निघालेले आहे.

हिंदुस्थानातील पहिले छापील वर्तमानपत्र 29 जानेवारी 1780 रोजी कलकत्त्यास जेम्स हिकी याने काढले. त्याच्या नावातच 'बेंगाल गॅझेट' याच्या जोडीला 'कलकत्ता जनरल अॅडव्हर्टायझर' असे शब्द होते. अर्थात बातमी व जाहिरात ही भावंडे आपल्या देशात बरोबरच जन्मली. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले, ते इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत असे. त्यानंतर 1842 साली अहमदनगरास 'ज्ञानोदय', 1849 साली पुण्यास 'ज्ञानप्रकाश', 1862 साली मुंबईस 'इंदुप्रकाश', 1881 साली पुण्यास 'केसरी' अशी मालिका लागली. आपल्या विदर्भात अकोल्याचे 'वऱ्हाड समाचार' हे फार जुन्या पत्रांपैकी एक होते. नागपुरास 1911 साली 'हितवाद' हे इंग्रजी पत्र भारत सेवक समाजाने सुरू केले आणि 1914 पासून गोपाळराव ओगले यांचे 'महाराष्ट्र' निघू लागले. पुढे 'तरुण भारत' आले. 'लोकमत' हे प्रथम यवतमाळचे साप्ताहिक होते, ते 15 डिसेंबर 1971 पासून नागपूरचे दैनिक झाले. आपल्या भागात पिढ्यान्पिढ्या जी पत्रे वाचली गेली ती मुख्यतः नागपुरास छापलेली, आगगाडीने आलेली.

गोंदियाचे महत्त्व आगगाडीमुळेच वाढले. नागपूर-छत्तीसगड रेल्वे पुढे बंगाल-नागपूर रेल्वेकडे आली व 1888 साली तिचे रूळ रुंद झाले. नंतर 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अरुंद रुळांची सातपुडा रेल्वे निघाली आणि तिसरी शाखा चांद्याकडे गेली. चार दिशांचा माल, माणसे व टपाल येथे उतरू लागले. आज आपण ज्यास गोंदिया जिल्हा म्हणतो तो 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या जाहिरातींत 'जिल्हा भंडारा' असाच पत्ता सापडावयाचा, हे जुने अंक चाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. 1956 पूर्वीच्या अंकांत त्यापुढे 'मध्यप्रदेश' आणि त्याहून जुन्यांत 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेही आढळेल.

आता या पानावर मुख्यतः काय छापले जाई ते पाहू. सर्वांत अधिक जागा औषधांनी व्यापलेली असे. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना 1872 सालचा, मुंबईचे अमृतांजन 1893 सालचे. डोंगरे यांचे बालामृत आणि मथुरेच्या सुखसंचारक कंपनीचे सुधासिंधू ही नावे तर ज्या खेड्यात वैद्य पोचला नव्हता तेथेही पोचली होती. त्याखेरीज नांगर, चरक, कंदील, घड्याळे, हार्मोनियम, पंचांगे, नाटकांची पुस्तके. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर व ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील यांच्या जाहिरातींत मालाबरोबर स्वदेशीचा अभिमानही विकला जाई, आणि त्यात काही वावगे होते असे आम्हांस वाटत नाही. कंदील खरोखर चांगला होता.

पण मुंबई, पनवेल किंवा मथुरेचा माल सडक अर्जुनीच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याने कसा मागवावा? येथे टपाल खात्याचे उपकार मानले पाहिजेत. सरकारने 1877 साली व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली, जिला लोक नुसते 'व्ही.पी.' म्हणत, 1879 साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि 1880 साली मनीऑर्डर टपाल खात्याकडे आली. या तीन गोष्टी तीन वर्षांच्या आत झाल्या आणि त्यांनी छोट्या जाहिरातीचे रूपच पालटले. पाव आण्याच्या कार्डावर मागणी लिहावी, दुकानदाराने पार्सल टपालात टाकावे, पोस्टमनने ते दारी आणून किंमत वसूल करावी व ती रक्कम मनीऑर्डरने दुकानदारास पाठवावी. घेणारा व विकणारा एकमेकांस कधीही न पाहता व्यवहार पुरा होई. हल्ली तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर वस्तू मागवून दारात पैसे देतात व त्यास नवी सोय समजतात. त्यांच्या पणजोबांनी तीच सोय खाकी पार्सलातून अनुभवली आहे.

मात्र एक मेख होती. पैसे आधी द्यावे लागत व पार्सल मग फोडावयाचे. नगास नग भरला, पण घड्याळ चालेना, अशी स्थिती झाली म्हणजे तक्रार कोणाकडे करणार? औषधांची गोष्ट तर त्याहून गंभीर. ज्या काळात आपल्या तळ्यांच्या मुलखात हिवतापाने घरेच्या घरे आडवी होत, त्या काळात क्विनीनच्या स्वस्त पुड्या टपाल कचेरीत मिळत असत. तरीसुद्धा लोक दूरच्या गावची 'सर्वरोगहारक' बाटली मागवीत, कारण पुडीची जाहिरात करणारा कोणी नव्हता आणि बाटलीची जाहिरात आठवड्यास येई. क्षय, मधुमेह, अर्धांगवायू, वांझपण या सर्वांवर एकच गोळी चालते असे छापण्यास कोणासही लाज वाटत नसे आणि ते छापणाऱ्या संपादकासही वाटत नसे. पहिल्या पानावर तो सुधारणेवर लिहीत असला तरी! अखेर 1954 साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस आळा घालणारा कायदा झाला. कायदा झाला म्हणून जाहिराती सर्वस्वी थांबल्या असे नाही. त्यांची भाषा थोडी सावध झाली, इतकेच.

गोंदियाच्या दृष्टीने आणखी एका प्रकारच्या जाहिरातीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. 1899 च्या गुजराथेतील दुष्काळानंतर जी माणसे मध्यप्रांतात आली, त्यांनी जबलपूरकडे तेंदूच्या पानाची विडी वळण्याचा धंदा वाढविला व रेल्वेबरोबर तो गोंदिया-भंडाऱ्यात पसरला. आपल्या घरांतील किती आयाबहिणींनी सट्टेदाराकडून पाने-तंबाखू आणून रात्रीच्या रात्री विड्या वळल्या, व 'छाट' म्हणून किती विड्या विनामोबदला बाजूला पडल्या, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. विडीचा सारा मान तिच्या कट्ट्यावरील छापात. वाघ, पाखरू, आकडा, शेठजींचा फोटो, काहीही असो, गिऱ्हाईक नाव वाचत नसे, चित्र ओळखी. म्हणून चित्राची चोरी होई. पण आपल्या देशात व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा 1940 पर्यंत नव्हताच. तोपर्यंत व्यापारी काय करीत? नोंदणी कचेरीत 'हे चिन्ह आमचे' असे प्रतिज्ञापत्र नोंदवीत आणि वर्तमानपत्रात सावधगिरीची सूचना छापीत की, हे चिन्ह आमच्या मालकीचे असून नक्कल करणाऱ्यावर फिर्याद करण्यात येईल. पुढे कोर्टात वाद आला म्हणजे त्या छापील तुकड्याचा पुरावा म्हणून उपयोग होई. विडी वळणाऱ्या बाईचे नाव मात्र कट्ट्यावरही नसे व जाहिरातीतही नसे. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास 1966 साल उजाडावे लागले.

छापखान्याच्या बाजूनेही दोन शब्द. छोट्या गावचे साप्ताहिक हे बहुधा एका ट्रेडल यंत्रावर चाले. मालक, संपादक, मुद्रक व प्रकाशक हे एकच गृहस्थ. 1867 च्या कायद्याप्रमाणे अंकाच्या शेवटी मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे भागच असे, आणि तेथे एकाच माणसाची एवढी पदे वाचून मौज वाटे. वर्गणीदार वर्गणी थकवीत. तेव्हा लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दुकानांची बिले यांवर यंत्र चाले व उरल्या वेळात वर्तमानपत्र निघे. शिशाचे खिळे एकेक उचलून जुळवावयाचे. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या व जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या अफाट. एखादा खिळा झिजला वा हरवला की, जवळचा दुसरा बसवून वेळ मारून नेत. छोट्या जाहिरातींना सर्वांत बारीक व सर्वांत झिजलेला टाइप मिळे, ही गोष्ट जुने अंक भिंगाखाली धरणाऱ्यास चटकन कळते. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले, पाने घटली. तेव्हा तर ओळीओळीसाठी ओढाताण. शब्दांवर पैसे आकारल्यामुळे मराठीत एक निराळीच काटकसरीची भाषा तयार झाली. 'पाहिजे', 'विकणे आहे', 'हरवले आहे', 'समक्ष भेटा'. कर्ता नाही, विशेषण नाही, आर्जव नाही. आम्ही वर्गात मुलांकडून निबंध लिहून घेताना पुष्कळदा म्हणत असू की, जाहिरातवाल्यासारखे लिहा, शब्दामागे पैसे पडतात असे समजा.

या शेवटच्या पानाचे दार सर्वांस सारखे उघडे होते काय? पैसे टाकणाऱ्याची जाहिरात छापली जाते, असा आपला समज असतो. तो नेहमीच खरा ठरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले आणि संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. नवे पत्र निघत आहे, एवढी साधी जाहिरात 'केसरी'कडे पाठविली असता ती त्या पत्राने घेतली नाही. पैसे घेऊनही ती छापण्यास त्याने नकार दिला. लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याचा उद्घोष करणाऱ्या पत्राला दुसऱ्या पत्राच्या जन्माची चार ओळींची वार्ता विकत घेऊनही छापवली नाही, ही गोष्ट टिळकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही लिहिली पाहिजे. 'मूकनायक' फार वर्षे चालले नाही. बाबासाहेबांनी पुढे 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' काढले.

आपल्यासारख्या शेतकरी समाजांनीही हे दार किलकिलेच पाहिले आहे. म्हणून तर 1 जानेवारी 1877 रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यास 'दीनबंधू' काढले, आणि ते चालविणे जड जाऊ लागल्यावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1880 पासून मुंबईत ते सांभाळले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी तर 1910 पासून 'दीनमित्र' चालविले, व तेही पुण्या-मुंबईत नव्हे, तर नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्याच्या तरवडी या खेड्यात. खेड्यात राहून पत्र चालविणाऱ्यास मोठे जाहिरातदार कोठून मिळणार? तरी 1967 साली मृत्यू येईपर्यंत त्या गृहस्थाने आपला वसा सोडला नाही. आमच्या मते मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात तरवडीचे स्थान कोणत्याही शहराइतके मोठे आहे. परंतु शालेय पुस्तकांत तिचे नाव आम्हांस एकदाही शिकवावे लागले नाही.

जाहीर सूचनेचे धैर्य कसे असते याचा सर्वांत मोठा दाखला मात्र वर्तमानपत्रातला नाही, भिंतीवरचा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले व त्याची पत्रके उघड लावली. फसलेल्या विधवांनी येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या इच्छेवर राहील, अशा आशयाची ती सूचना होती. त्या काळच्या पुण्यात ती लावणे म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणार नाही.

विवाहविषयक जाहिरातींकडे आता वळू. कारण बहुतेक वाचक स्मरणिका हाती येताच प्रथम तीच पाने उघडतात, हे आम्ही जाणून आहोत. शेतकरी समाजात सोयरीक जुळे ती बाजारात, मंडईत, नातलगाच्या तेरवीला, पाहुण्याच्या ओसरीवर. 'वधू पाहिजे' अशी जाहिरात देणे हे प्रथम शहरातील नोकरदार मंडळींचे काम. नोकरीनिमित्त जो कुटुंबापासून लांब गेला, त्याला ओसरी राहिली नाही, म्हणून त्याने स्तंभ धरला. 'गृहकृत्यदक्ष', 'निर्व्यसनी', 'सुस्वरूप', 'कुलीन' ही त्या स्तंभाची ठरलेली विशेषणे. पुढे आपली मुलेही भिलाई, नागपूर, पुणे अशी पांगली, तेव्हा जातिसंस्थांच्या मासिकांनी व स्मरणिकांनी तीच रीत उचलली. जुन्या व नव्या सूचींत एक गोष्ट आम्हांस सारखीच दिसते. मुलाच्या रकान्यात पगार व शेतीचे एकर असतात, मुलीच्या रकान्यात वर्ण व उंची. मुलीच्या रकान्यात तिची स्वतःची अपेक्षा लिहिण्याची जागा अलीकडे काही ठिकाणी येऊ लागली आहे, ते चांगलेच झाले. हुंड्याचे आमिष दाखविणारी जाहिरात देणे, छापणे व वाटणे हा 1986 च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. 'लग्न थाटात करून देऊ' हे वाक्य त्या कायद्याच्या फटीतून अजून डोकावत असते आणि आपल्या सूचीच्या संपादकांनी त्यावर निःसंकोच लेखणी फिरवावी.

आता ज्या प्रकारासाठी हा लेख लिहावा असे मुख्यतः वाटले, त्याकडे येतो. तो म्हणजे 'जाहीर नोटीस'.

1908 च्या दिवाणी कायद्याने कोर्टाच्या लिलावाची घोषणा गावात दवंडी पिटून करावी असे ठरविले आणि कोर्टास वाटल्यास ती स्थानिक वर्तमानपत्रातही छापावी अशी तरतूद ठेवली. येथे दवंडी व छापील जाहिरात या दोन युगांची गाठ पडते. आपल्या जिल्ह्यात त्या वेळी मालगुजारी होती. गावची मालकी आणे-पैच्या हिश्शांत मोजली जाई. कोणाचा चार आणे हिस्सा, कोणाचा दोन आणे आठ पै. सावकाराचे देणे थकले की हिस्सा लिलावात निघे. त्या नोटिशीत गाव, हिस्सा, तळे, आमराई, सीर जमीन यांचा उल्लेख येई. मालगुजारी 1951 साली संपली, तळी सरकारकडे गेली व 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. एखाद्या कुटुंबाचा अथवा तळ्याचा इतिहास शोधावयाचा असेल, तर अशा नोटिशी हे फार मोलाचे साधन आहे.

मालगुजारी गेली, नोटीस राहिली. आज ती बहुधा वकिलांमार्फत येते: अमुक मौजा, अमुक गट क्रमांक, अमुक आराजी, ही जमीन आमच्या पक्षकाराने विकत घेण्याचे ठरविले आहे, कोणाचा हक्क, बोजा, वारसा असल्यास पंधरा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, न कळविल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. त्या मुदतीत हरकत घेतली नाही एवढ्यानेच खऱ्या वारसाचा हक्क बुडतो असे कायदा म्हणत नाही. परंतु खरेदीदार पुढे कोर्टात म्हणतो की, आम्ही पुरेशी चौकशी केली, जाहिरात दिली, कोणी आले नाही. मग ज्याचा हक्क आहे त्याला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. पंधरा दिवसांचे काम पंधरा वर्षांचे होते.

आम्ही शिक्षक असताना एका गावी घडलेली हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. 1990 च्या आसपासची गोष्ट. शाळेत नागपूरचे एक दैनिक दुपारच्या एस.टी.ने येई. चौथीच्या मुलांकडून आम्ही त्यातील छोट्या जाहिराती मोठ्याने वाचून घेत असू. वाक्ये लहान, आकडे पुष्कळ, जोडाक्षरे भरपूर, तेव्हा वाचनाच्या सरावास त्याहून स्वस्त पुस्तक नाही. एके दिवशी एका मुलाने वाचता वाचता आपल्याच गावाचे नाव वाचले व सारा वर्ग हसला. आम्ही पुढे वाचावयास सांगितले. गट क्रमांक, आराजी, चतुःसीमा, आणि 'एकमेव मालक' म्हणून गावातील एका गृहस्थांचे नाव. बांधाला लागून तळ्याची पाळ आहे असा उल्लेख येताच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ते तर माझ्या मावशीचं वावर आहे."

तिची मावशी म्हणजे त्या गृहस्थांच्या मृत धाकट्या भावाची विधवा. पतीच्या मागे ती माहेरी, आठ कोसांवरच्या गावी राहात होती. वाटणी झालेली नव्हती. कागदावर थोरल्या भावाचेच नाव होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पतीच्या हिश्श्याचा पूर्ण हक्क दिलेला होता. पण तिला वाचता येत नव्हते व तिच्या माहेरी वर्तमानपत्र येत नव्हते. दवंडी झाली असती तर गावातील दहा जणांनी ऐकून निदान एकाने तरी निरोप धाडला असता. छापील नोटीस मात्र गावच्या पारावर बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हती. अंकावरील तारखेपासून त्या दिवशी चौथा दिवस होता. मुलीच्या वडिलांनी सायकलवर जाऊन बाईस आणले, मृत्यूचा दाखला व लग्नाचा पुरावा म्हणून जे काही सापडले ते जोडले, हरकतीचा अर्ज आम्ही लिहून दिला व पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने वकिलाकडे पाठविला. व्यवहार थांबला. त्यानंतर वाटणी होण्यास काही वर्षे लागली, घराण्यात अबोला झाला, आम्हांसही गावातील काही घरांनी पुढे पाणी विचारले नाही. पण पाळीलगतची ती बांधी बाईच्या नावे झाली व ती त्यात शेवटपर्यंत धान लावीत होती.

असे प्रसंग किती घरांत उलट दिशेने गेले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला आहे. त्यामुळे या नोटिशींत आता लेकींचा प्रश्न अधिकच येतो. लग्न होऊन दूर गेलेल्या आपल्या लेकींपर्यंत त्या पोचतात काय? मंडळाच्या प्रत्येक गावच्या शाखेने एका शिकलेल्या मुलास अथवा मुलीस हे काम लावून द्यावे की, तालुक्याच्या नावाची प्रत्येक जाहीर नोटीस पाहून ज्याचा संबंध त्याला कळवावी. यासाठी ठराव, वर्गणी, अध्यक्ष, काहीच लागत नाही.

हल्ली हे शेवटचे पान पातळ झाले आहे. घरे, नोकऱ्या, वधू-वर, जुन्या गाड्या, सर्व काही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले. वर्तमानपत्रात राहिल्या त्या मुख्यतः नाव बदलल्याच्या सूचना, हरवलेल्या गुणपत्रिका, निविदा, श्रद्धांजली व जमिनीच्या नोटिशी. पडद्यावरची जाहिरात काम होताच पुसली जाते. पन्नास वर्षांनी तिचे काय दिसणार, हा प्रश्न आमच्या पिढीने पाहण्याचा नाही.

जुने अंक मात्र अजून आपल्या घरांत आहेत, असा आमचा अनुभव आहे. ते वाचनालयात नाहीत, तर पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या फळीवर, धानाच्या कोठीच्या झाकणाखाली अंथरलेले आहेत. वर्तमानपत्राचा कागद हलका, लाकडाच्या लगद्याचा असतो. उन्हाने व दमटपणाने तो पिवळा पडून तुटू लागतो. म्हणून ज्यांच्याकडे असे अंक असतील त्यांनी ते घडी न घालता सपाट, कोरड्या जागी, कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावेत व मंडळाच्या कचेरीत कळवावे. छायाचित्रे काढून अंक परत देण्यात येतील. आजोबांच्या लिलावाची नोटीस, पहिल्या मॅट्रिक मुलाचे अभिनंदन किंवा मामा तलावाच्या मक्त्याची जाहिरात आढळल्यास तेवढाच तुकडा कातरून घेऊ नये. तारीख व पत्राचे नाव पानाच्या माथ्यावर असते, मुद्रकाचे नाव तळाशी असते, आणि पाठीमागच्या बाजूस दुसऱ्या कोणाच्या तरी घरची गोष्ट छापलेली असते.